पडद्यावरील अतिकाय प्राणी आणि त्याचे मान

पुणे शहराच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यात, कोळवणचे खोरे आहे. हे खोरे ज्या मावळपट्टीत मोडते, त्या पट्टीतील गावांच्या शिवेवर वेताळ, म्हसोबा यांसारख्या उग्र दैवतांची ठाणी आढळतात. ठाणे म्हणजे बहुधा शेंदूर फासलेला एखादा ओबडधोबड दगड असतो. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या परिसरातील अशा ठाण्यांची पायी हिंडून पाहणी केली आणि 'मिथ अँड रिॲलिटी' (१९६२) या ग्रंथात त्यांची मीमांसा केली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या दगडांचा एक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. दगड पुष्कळदा गुडघ्याइतकाही उंच नसतो. पण त्याच्या ठायी वास करणारा वेताळ मात्र ताडमाड, अक्राळविक्राळ आणि रात्री भुतांचा लवाजमा घेऊन फिरणारा असा कल्पिलेला असतो. दगडाला हातपाय नाहीत, मुख नाही, उंचीही नाही. त्यामुळे भाविकाच्या मनातील वेताळाला कोणतीही मर्यादा पडत नाही. घरोघरी मुलांना ज्याची भीती घातली जाते, त्या बागुलबुवाचीही हीच गोष्ट आहे. तो कसा दिसतो हे कोणी सांगत नाही, म्हणूनच तो वाटेल तेवढा मोठा होऊ शकतो.

चित्रपटाला ही सोय नाही. कॅमेऱ्यापुढे काहीतरी ठेवल्याखेरीज पडद्यावर काही उमटत नाही, आणि जे ठेवावयाचे त्याला लांबीरुंदी असतेच. शिवाय पडद्यावरील प्रतिमेचा स्वतःचा असा आकार नसतो. तळहाताएवढी पाल जवळून टिपली तर ती पडदा व्यापते, आणि दुरून टिपलेला हत्ती मुंगीसारखा दिसतो. तेव्हा अतिकाय प्राणी 'अतिकाय' आहे हे प्रेक्षकाला कळावयाचे, तर त्याच्या शेजारी दुसरे काहीतरी, ज्याचे आकारमान प्रेक्षकाला ठाऊक आहे असे, ठेवावेच लागते. या दुसऱ्या वस्तूस येथे 'मान' म्हटले आहे. पडद्यावरील राक्षसाचा मोठेपणा त्याच्या देहात नसून या मानाशी असलेल्या त्याच्या नात्यात असतो. आणि कोणत्या चित्रपटाने कोणते मान निवडले, हे पाहिल्यास त्या चित्रपटातील भयाचे स्वरूप उलगडते. विज्ञानपट व भीतिपट यांतील अतिकाय प्राण्यांचा, त्यातही मराठी भूमीत निर्माण झालेल्या काही चित्रपटांचा, विचार या दृष्टीने करता येतो.

१. देहाचा नियम

अशा प्राण्यांविरुद्ध विज्ञानाचा आक्षेप जुना आहे. कोणत्याही देहाची लांबी, रुंदी व उंची दसपट केली, तर त्याचे घनफळ, आणि म्हणून वजन, हजारपट होते. पण ते वजन पेलणाऱ्या हाडांच्या छेदाचे क्षेत्रफळ केवळ शंभरपट होते. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस इंचावर पूर्वीच्या दसपट भार येतो. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा विचार मांडला आणि मोठ्या प्राण्याचे हाड केवळ लांब नव्हे, तर प्रमाणाबाहेर जाड असावे लागते, हे आकृती काढून दाखविले. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२६ साली लिहिलेल्या एका निबंधात हाच नियम कथेतील साठ फुटी राक्षसांस लावला व पहिले पाऊल टाकताच त्यांच्या मांड्या मोडतील, असे दाखवून दिले. हे हॉल्डेन १९५७ साली भारतात आले, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्यांनी काम केले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले.

निसर्गातील खऱ्या महाकाय प्राण्यांनी हा नियम पाळलेला दिसतो. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे सापडलेल्या जीवाश्मांवरून ओळखला गेलेला 'इसिसॉरस' हा प्रचंड शाकाहारी डायनोसॉर याचे उत्तम उदाहरण होय. योगायोग असा, की त्याच्या नावातील आद्याक्षरे हॉल्डेन यांच्याच संस्थेची, भारतीय सांख्यिकी संस्थेची, आहेत. या वर्गातील प्राण्यांचे पाय खांबासारखे सरळ व जाड असत, आणि देहाचा भार चारही पायांवर विभागलेला असे. याउलट, मनुष्यासारखा दोन पायांवर उभा राहणारा गगनचुंबी प्राणी निसर्गात संभवत नाही. म्हणजेच चित्रपटकर्त्यास जे दाखवावयाचे असते, ते मुळातच अशक्य असते. ते शक्य भासावे यासाठी त्याला देहाऐवजी मानाचा आश्रय घ्यावा लागतो.

२. स्थलाचे व कालाचे मान

मानाचा उपयोग कसा होतो, हे 'गोजिरा' (१९५४) या जपानी चित्रपटावरून स्पष्ट होते. पाश्चात्त्य जगात व आपल्याकडेही हा प्राणी 'गॉडझिला' या नावाने परिचित आहे. दिग्दर्शक इशिरो होंडा व चमत्कृतिदृश्यांचे शिल्पकार एइजी त्सुबुराया यांनी पन्नास मीटर उंचीचा प्राणी कल्पिला. प्रत्यक्षात रबराच्या जड पोशाखात एक नट शिरे आणि त्याच्याभोवती नगराची लहान प्रतिकृती उभारलेली असे. पोशाखाची उंची सुमारे दोन मीटर धरली, तर हे प्रमाण एकास पंचवीस असे होते. प्रतिकृतीतील इमारती नटाच्या कमरेइतक्या आहेत, एवढ्यावरूनच प्रेक्षकाची दृष्टी त्याला पन्नास मीटरांचा मानते.

पण स्थलाचे मान पुरेसे होत नाही. त्याबरोबर कालाचेही मान सांभाळावे लागते. दोन मीटरांवरून सोडलेली वस्तू जमिनीवर पोहोचण्यास सुमारे ०.६४ सेकंद लागतात, तर पन्नास मीटरांवरून सोडलेल्या वस्तूस सुमारे ३.२ सेकंद लागतात. उंची पंचवीसपट झाली, पण काल पाचपट झाला. कारण पडण्याचा काल उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून प्रतिकृतीतील मनोरा कोसळताना नेहमीच्या गतीने, म्हणजे सेकंदास २४ चित्रे या वेगाने, टिपला तर तो खेळण्यासारखा चटकन पडतो. तोच सेकंदास १२० चित्रे या वेगाने टिपून २४ च्या वेगाने दाखविला, तर पडणे पाचपट मंदावते आणि मनोरा खरोखरीचा वाटू लागतो. मंद हालचाल ही अजस्रतेची खूण आहे, हे प्रेक्षक गणित न करताही जाणतो. हत्ती व बैल यांच्या चालीतील फरक त्याने पाहिलेला असतो. पाणी मात्र या युक्तीस दाद देत नाही. पाण्याचा थेंब लहान प्रतिकृतीसाठी लहान होत नाही. म्हणून हौदातील समुद्र बहुधा हौदासारखाच दिसतो.

३. मान बदलले की प्राणी बदलतो

एकदा मानाचे महत्त्व ध्यानी आले, म्हणजे या प्राण्यांच्या उंचीविषयीची एक विसंगती सहज समजते. 'किंग काँग' (१९३३) या अमेरिकन चित्रपटातील वानर मुख्यतः सुमारे दीड फूट उंचीच्या, धातूच्या सांगाड्यावर केस चढविलेल्या बाहुल्यांतून साकार झाला. विलिस ओब्रायन यांनी एकेक चित्र टिपून या बाहुल्यांस चालते केले. कथेतील त्याची उंची बेटावर सुमारे अठरा फूट, तर न्यूयॉर्कमध्ये सुमारे चोवीस फूट अशी ठेवण्यात आली. निर्माते मेरियन कूपर यांनी हा फरक जाणूनबुजून केला होता. कारण बेटावर त्याच्या शेजारी झाडे होती आणि न्यूयॉर्कमध्ये १९३१ साली पूर्ण झालेली १०२ मजल्यांची एम्पायर स्टेट इमारत. अठरा फुटी वानर तेथे क्षुद्र दिसला असता.

गोजिराचा इतिहासही असाच आहे. १९५४ साली टोकियोतील इमारतींस सुमारे ३१ मीटरांची कायदेशीर मर्यादा होती. पन्नास मीटरांचा प्राणी त्या सर्वांवरून पाहू शकत असे. पुढे मर्यादा उठली व नगर उंच होत गेले. १९८४ च्या चित्रपटात प्राणी ८० मीटरांचा झाला, १९९१ मध्ये १०० मीटरांचा आणि २०१६ मध्ये ११८.५ मीटरांचा. २०२३ साली निघालेल्या चित्रपटाचे कथानक मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उद्ध्वस्त टोकियोत घडते. त्यात प्राणी पुन्हा सुमारे ५० मीटरांवर आला. नगर खाली आले, तसा राक्षसही खाली आला. यावरून गोजिराचे खरे मान नगर हेच आहे, हे सिद्ध होते. मार्च १९५४ मध्ये बिकिनी बेटावरील अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीने एका जपानी मच्छीमार नौकेवर किरणोत्सारी राख पडली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात हा चित्रपट प्रदर्शित झाला. हिरोशिमा व नागासाकी यांच्या आठवणी ताज्या असलेल्या प्रेक्षकास, एका क्षणात संपूर्ण नगर नाहीसे होऊ शकते, हे सांगण्यासाठी नगराएवढे मान आवश्यकच होते.

मुंबईतही या प्रकाराचे अनुकरण झाले. बलवंत दवे दिग्दर्शित 'गोगोला' (१९६६) या हिंदी चित्रपटात समुद्रातून निघालेला अजस्र प्राणी मुंबईवर चालून येतो. परंतु ही परंपरा येथे रुजली नाही. त्यामुळे महाराष्ट्रात अतिकाय प्राण्याचा विचार कधी झालाच नाही, किंवा झाला तो उसनवारीने, असे मत पुष्कळदा व्यक्त होते. हे मत एकाच मानाला सर्वत्र लागू करण्यातून आलेले आहे. नगर हे मान बाजूस ठेवून शोध घेतला, तर चित्र निराळे दिसते.

४. कालिया आणि बालक

दादासाहेब फाळके यांचा 'कालिया मर्दन' (१९१९) हा मूकपट किंग काँगच्या चौदा वर्षे आधीचा आहे. फाळके हे मुद्रण, छायाचित्रण व जादूचे प्रयोग या तिन्ही विद्यांत मुरलेले होते. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढण्यापूर्वी त्यांनी वाटाण्याच्या दाण्याला अंकुर फुटून रोप वाढते, ती अनेक दिवसांची क्रिया थोडक्या अवधीत पडद्यावर आणून दाखविली होती. म्हणजे कालाचे मान बदलण्याची विद्या त्यांना प्रारंभापासूनच अवगत होती. असे असूनही 'कालिया मर्दन'मध्ये त्यांनी कालियाचा प्रचंडपणा दाखविण्यासाठी अत्यंत साधा मार्ग पत्करला. कृष्णाच्या भूमिकेत त्यांनी स्वतःची लहानगी कन्या मंदाकिनी हिला घेतले.

या निवडीचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. भागवताच्या दशम स्कंधातील कालिया यमुनेचा डोह विषारी करणारा, अनेक फणांचा महासर्प आहे. असा सर्प प्रौढ नटाशेजारी ठेवावयाचा, तर त्याची बनावट आकृती फारच मोठी करावी लागली असती, किंवा लहान प्रतिकृती करून युक्तीने दोन चित्रे एकत्र आणावी लागली असती. मान म्हणून सहा-सात वर्षांचे मूल घेताच हा प्रश्न सुटला. चार हातांत मावेल असा बनावट सर्पही बालकाच्या देहाशेजारी अजस्र भासतो. सर्प, बालक व पाणी ही तिन्ही कॅमेऱ्यापुढे एकाच प्रमाणात उभी राहिल्याने प्रतिकृतीचे पाणी खोटे दिसण्याची अडचणही आपोआप दूर झाली.

चित्रपटाच्या आरंभी फाळके मंदाकिनीचा केवळ चेहरा दाखवितात. ती निरनिराळे भाव दर्शविते, आणि मग तिच्या जागी वेषभूषेतील कृष्ण प्रकट होतो. कथा सुरू होण्यापूर्वीच प्रेक्षकाला मान हाती दिले जाते: हे एक खरेखुरे लहान मूल आहे, याच्याशी पुढील सर्व तोलून पाहावे. नंतर डोहातील झुंज आणि काठावरील व्याकुळ गोकुळवासी यांची दृश्ये आलटून पालटून येतात. काठावरील मोठी माणसे असहाय आहेत आणि पाण्यात मूल आहे; भयाचे सारे बळ या विषमतेत आहे.

शेवटही विचारात घेण्याजोगा आहे. काँग मारला जातो. पहिला गोजिराही मारला जातो. कालिया मरत नाही. नागपत्नी गयावया करतात आणि कालियास यमुना सोडून आपल्या मूळ स्थानी, रमणक द्वीपाकडे, जाण्याची आज्ञा होते. ज्याचे मान नगर आहे, त्या प्राण्यास नगर व आपण यांपैकी एकाचा नाश पाहावा लागतो. ज्याचे मान बालक आहे, तो केवळ नमविला जातो व त्याला त्याची हद्द दाखविली जाते. उग्र शक्ती नष्ट न करता तिला शिवेवर ठाणे नेमून देण्याची मावळातील रीत आणि कथेतील हा न्याय एकाच जातीचे आहेत.

५. लहान राक्षस

मान मोठे करीत नेण्याऐवजी राक्षसच लहान केला तर काय होईल, याचा प्रयोग मराठी रजतपटावर पुढे झाला. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (१९९३) या चित्रपटात तात्या विंचू नावाचा गुंड मरताना मंत्रबळाने आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो. हा बाहुला रामदास पाध्ये यांनी घडविला होता. कल्पना १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन चित्रपटावरून सुचलेली असली, तरी तिचा संसार संपूर्ण मराठी आहे. बाहुला माणसाच्या कमरेलाही पोहोचत नाही. त्याचे मान नगर नव्हे, डोहही नव्हे. ते घर आहे. शब्दभ्रमकाराच्या घरात बाहुला असणे स्वाभाविक असल्याने तो दृष्टीआड न होताही लपून राहतो, आणि लक्ष्या जे सांगतो त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

येथे भय व हास्य एकत्र नांदतात, त्याचे कारणही प्रमाणातच आहे. बाहुल्याचा देह दुबळा असून त्याची महत्त्वाकांक्षा मोठी आहे. देह आणि वल्गना यांतील अंतर हे हास्याचे उगमस्थान, तर त्या वल्गनेमागील खरेपणा हे भयाचे. विशेष म्हणजे तात्या विंचूस या लहान देहातून सुटावयाचे असते, लक्ष्याचा पूर्ण मानवी देह हवा असतो. तोही आपल्या मानाविषयी असमाधानी आहे.

६. हस्तर आणि भूक

मानाचा सर्वांत सूक्ष्म उपयोग राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' (२०१८) या चित्रपटात दिसतो. चित्रपट हिंदी आहे. पण त्याची भूमी कोकण, त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून घेतलेले, आणि त्याची एक मूळ प्रेरणा मराठीतील भयकथाकार नारायण धारप यांच्या 'आजी' या कथेत आहे. कथानक १९१८ पासून स्वातंत्र्यप्राप्तीच्या काळापर्यंत तीन भागांत पसरलेले आहे. पूर्तीच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर सोन्याचा व धान्याचा लोभ धरतो. सोने त्याला मिळते, पण धान्य मिळण्यापूर्वीच इतर देव त्याच्यावर तुटून पडतात. त्याची कधी पूजा होणार नाही, या अटीवर माता त्याला आपल्या उदरात लपविते. सोन्याच्या मोहरा बाळगणारा हस्तर तेथे युगानुयुगे उपाशी आहे.

हस्तर आकाराने फार मोठा नाही. तो जवळजवळ मनुष्यदेहाचाच आहे. मग त्याची प्रचंडता कशी दाखविली जाते? विनायक राव पिठाची बाहुली घेऊन देवीच्या उदरात उतरतो, पिठाचे रिंगण आखून त्यात उभा राहतो, हस्तर बाहुली खाण्यात गुंतला असता त्याच्या लंगोटातून मोहरा काढतो व निसटतो. एका बाहुलीच्या मोबदल्यात हाती लागतील तेवढ्याच मोहरा, हे या व्यवहाराचे गणित. पुढे एकदाच सारे सोने मिळावे म्हणून बाप-लेक अनेक बाहुल्या घेऊन उतरतात, आणि जितक्या बाहुल्या, तितके हस्तर समोर उभे राहतात. राक्षसाचे परिमाण येथे मीटरांत नव्हे, तर माणसाने नेलेल्या आमिषांच्या संख्येत मोजले गेले आहे. लोभ जेवढा वाढतो, तेवढाच राक्षस वाढतो. त्याहून तसूभर कमी नाही आणि अधिकही नाही.

पिठाचे रिंगण व पिठाची बाहुली या दोन्ही वस्तू शिवेच्या आचारातीलच आहेत. रिंगण ही हद्द होय, आणि बाहुली हा उतारा होय. गावकरी शिवेवर दहीभाताचा उतारा ठेवतो तो संकट दूर राहावे म्हणून. विनायक मात्र तोच उतारा संकटाला जवळ बोलावण्यासाठी वापरतो. आचार तोच राहून हेतू उलटला, आणि हेतू उलटताच हद्द मोडली. शेवटी पांडुरंग बापाने पुढे केलेले सोने नाकारतो, तेव्हा व्यवहार थांबतो. कालियाप्रमाणे येथेही राक्षसाचा वध नाही. हस्तर जेथे होता तेथेच राहतो.

७. समारोप

वरील विवेचनावरून अतिकाय प्राण्यांच्या चित्रपटांचा अभ्यास करणाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत, असे दिसते. प्राण्याचे मान कोणते आहे? कथेच्या ओघात ते मान स्थिर राहते की बदलते? आणि अखेरीस प्राण्याचे काय होते: त्याचा नाश होतो, की त्याला हद्द मिळते? गोजिराचे मान नगर, कालियाचे बालक, तात्या विंचूचे घर, हस्तरचे भूक. या चारही ठिकाणी भय निराळे आहे, कारण धोक्यात असलेली वस्तू निराळी आहे. केवळ उंची व तंत्राची सफाई यांवरून श्रेणी लावणारी समीक्षा हा भेद पाहू शकत नाही.

परंतु हे प्रश्न विचारण्यासाठी चित्रफिती हाती असाव्या लागतात. फाळके यांच्या सुमारे शंभर कथापटांपैकी फारच थोड्यांचे अंश उरले आहेत. 'कालिया मर्दन'चा बराचसा भाग टिकला, हे सुदैव. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर मूकपटांचा मोठा भाग नष्ट झालेला होता. पुढे २००३ साली पुण्यातच लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फितींचा मोठा साठा जळाला. 'गोगोला'ची ओळखही आज मुख्यतः त्याची जाहिरातचित्रे व गाणी यांवरून होते. समुद्रातून वर आलेला तो प्राणी मुंबईतील कोणत्या वस्तूशेजारी उभा केला होता, हे जाहिरातचित्रावरून ठरविता येत नाही. जाहिरातीत काँगही पन्नास फुटांचा होता.

शिवेवरच्या दगडाला हा धोका नाही. त्याचे रूप आधीच नाहीसे झालेले आहे आणि त्याचा वेताळ ऐकणाऱ्याच्या मनात दर पिढीस नव्याने उभा राहतो. चित्रपटातील राक्षस मात्र फितीबरोबर जगतो आणि फितीबरोबर मरतो. म्हणून उरलेल्या फिती पाहून त्यांतील माने टिपून ठेवण्याचे काम पुढील अभ्यासकांनी त्वरेने हाती घेणे अगत्याचे आहे.